आरोग्य संशोधनात वस्तीची भागीदारी: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न आम्ही बसून रचलेले नाहीत. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे पीजीचे (पदव्युत्तर) विद्यार्थी, हिंगणा-कळमेश्वरकडे सर्व्हे करणारी पोरं, आशाताई, उत्तर नागपुरातले वस्तीचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या दारात दर दोन वर्षांनी कुणीतरी फॉर्म घेऊन उभं राहतं ती माणसं, या सगळ्यांकडून जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं तेच इथे घेतलं आहे. क्रम सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे जातो. जिथे एक उत्तर दुसऱ्याला भिडतं तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. "लोकसहभाग" म्हणजे नेमकं काय? आम्ही पाचशे घरांचा सर्व्हे केला, तो लोकसहभागच ना?

नाही. त्या पाचशे घरांनी तुम्हाला माहिती दिली, म्हणजे ते तुमच्या अभ्यासातले सहभागी झाले. भागीदार होण्यासाठी त्यांना काहीतरी बदलता यायला हवं: प्रश्न, पद्धत, भेटीची वेळ, पैसे कुठे खर्च व्हायचे ते, निकाल कसा सांगायचा ते. आम्ही कुणाचाही प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, वाचायला घेतला की एवढंच विचारतो, "लोकांच्या सांगण्यावरून यात काय बदललं?" उत्तर "बॅनरचा रंग" असेल तर त्याला सर्व्हे म्हणा. सर्व्हे वाईट नसतो, फक्त त्याला भागीदारीचं नाव देऊ नका. आणि प्रत्येक अभ्यासाला सारखी भागीदारी लागते असंही नाही. दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरवरचा अभ्यास आणि वस्तीत दोन वर्षं चालणारा अभ्यास यांना एक माप लावता येत नाही.

२. एवढी खटपट कशासाठी? विज्ञान तर तेच राहतं.

विज्ञानाचा प्रश्न लोकांमुळे बदलतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम आपल्या विभागातलंच आहे. तिथे ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. बाळाचं वजन घ्यायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. हे काम डॉक्टरांचंच, असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचं मूळ याच कामात आहे. त्याच संस्थेच्या दवाखान्याला माँ दंतेश्वरी या देवीचं नाव आहे, तेही तिथल्या आदिवासींनी सुचवलेलं. लोकांना दवाखाना आपला वाटावा म्हणून कुठून सुरुवात करावी लागते ते यावरून कळतं.

दुसरं कारण रोखठोक आहे. दार उघडलं नाही तर आकडा अर्धवट राहतो. २००६ ते २००९ दरम्यान नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने कळमेश्वरकडच्या गावांत डोळ्यांचा आणि एकूण आरोग्याचा मोठा अभ्यास केला. ५,८८५ पात्र माणसांपैकी ४,७११ जण तपासणीला आले, म्हणजे ८० टक्के. खेड्यातल्या माणसाने एका दिवसाची रोजी बुडवून तपासणीला यायचं, हे हिशेबात घेतलं की हा आकडा किती मोठा आहे ते समजतं.

३. "समुदाय" म्हणजे कोण? सरपंचांशी किंवा नगरसेवकांशी बोललं की पुरेसं आहे का?

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा सविस्तर.

सरपंचांना, नगरसेवकांना भेटायलाच हवं. न भेटता काम सुरू केलं तर ते रुसतात आणि त्यांचं रुसणं रास्त असतं. पण ते दार आहेत, घर नव्हे. एका वस्तीतही चार वस्त्या असतात. तांडापेठेत पिढ्यान्‌पिढ्या माग चालवलेली घरं आहेत आणि शेजारी भाड्याच्या खोलीत राहणारा, छत्तीसगढहून आलेला बांधकाम मजूर आहे. मोमीनपुऱ्यातली बाई सभेत बोलणार नाही, पण दुपारी ओट्यावर बसलात तर तासभर बोलेल. सकाळी सहाला कामाला जाणारी मोलकरीण तुमच्या अकराच्या बैठकीला कधीच दिसणार नाही, आणि मग तुमच्या अहवालात "महिलांचा प्रतिसाद कमी" असं वाक्य येईल.

शिवाय समुदाय दर वेळी भूगोलाने ठरत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा. विदर्भात हा आजार अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांतल्याही अनेक समाजांत आढळतो. पण १९५० च्या दशकात नागपूरकडचे पहिले अभ्यास जातीच्या नोंदीसह छापले गेले आणि हा "अमुक समाजाचा आजार" हा शिक्का बसला तो अजून पुसला गेलेला नाही. लग्नाच्या बोलणीत तो शिक्का आजही डोकावतो. इथे समुदाय म्हणजे गाव की जात, की आजारासोबत जगणारी घरं? आमचं मत विचाराल तर आधी घरं. नागपुरात सिकलसेल सोसायटी उभी करणारे संपत रामटेके डॉक्टर नव्हते. आजार असलेल्या मुलाचे वडील म्हणून ते या कामात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला त्यामागे अशा पालकांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

४. सुरुवात कधी आणि कुठून करायची?

प्रोटोकॉल छापून, सह्या होऊन, इथिक्स कमिटीकडे, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे, गेल्यावर नाही. तेव्हा लोक काहीही बोलले तरी तुम्ही "आता बदलता येणार नाही" असंच म्हणणार. कच्चा आराखडा दोन पानांचा असतानाच वस्तीत जा.

शहरात महिला आरोग्य समित्या आहेत, साधारण ५० ते १०० घरांमागे एक. खेड्यात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. नाव लांबलचक आहे आणि बऱ्याच गावांत ती कागदावरच असते, तरी कागदावर असलेली समिती जागी करणं नवी समिती काढण्यापेक्षा बरं. अंगणवाडी, बचत गट, बुद्धविहार, मशिदीची कमिटी, गणेश मंडळाची पोरं, पानठेला. शेवटच्याला हसू नका. कोण आजारी आहे, कोण मुंबईला ऑपरेशनला गेलं, ते तिथे आधी कळतं.

वेळ बघून जा. कापूस वेचणीत खेड्यात माणूस घरी सापडत नाही. मे महिन्यात दुपारी १२ ते ४ कुणाचं दार वाजवायचं नाही. दसऱ्याच्या आणि १४ एप्रिलच्या आसपास उत्तर नागपुरात बैठक लावू नका. आम्ही एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत आरोग्य बैठक ठेवली होती. सगळं शहर रस्त्यावर "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडत होतं आणि आमच्या बैठकीत आम्ही तिघे. काळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक १८८१ पासून चालत आल्याचं सांगतात, आमची तारीख आठवड्यापूर्वी ठरली होती. कुणी कुणासाठी बदलायला हवं होतं ते उघड आहे.

५. वस्ती सल्लागार गट कसा करायचा? किती माणसं घ्यायची?

आठ ते बारा जण पुरतात. निम्म्याहून जास्त बाया, किमान दोघं त्या आजारासोबत जगणारी, एक तरी माणूस "हे सगळं फालतू आहे" म्हणणारा. शेवटचा मुद्दाम शोधून घ्या, त्याच्या शंका पुढे सगळ्या वस्तीच्या होणार असतात.

गटाला काय ठरवता येईल आणि काय नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगा. नमुन्याची संख्या गट ठरवणार नाही, पण रक्त कुणी, कुठे, किती वाजता घ्यायचं ते ठरवेल. संमतीपत्रातलं कळत नाही ते वाक्य गट खोडेल. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी द्यावीच लागेल आणि ती बजेटमध्ये आधीपासून हवी. "चहा-नाश्ता" या एका रकान्यात बारा माणसांचं वर्षभराचं काम मावत नाही, मग तर्री पोहे कितीही चांगले असोत.

गटाने इतिवृत्त लिहावं, तेही मराठीत. गट इथिक्स कमिटीची जागा घेऊ शकत नाही, ते प्रश्न ११ मध्ये.

६. ग्रामसभेने ठराव दिला आहे. मग प्रत्येकाची वेगळी सही कशाला?

कारण ठराव गावाचा आहे आणि रक्त माणसाचं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत: गावाची, पुढाऱ्याची किंवा संस्थाप्रमुखाची परवानगी गरजेप्रमाणे घ्यावी, पण ती व्यक्तीच्या संमतीऐवजी चालत नाही. ग्रामसभा हो म्हणाली तरी रखमाबाई नाही म्हणू शकते, आणि तिचं नाही गावात कुणाला कळता कामा नये.

उलट्या बाजूचा प्रश्नही येतो: ग्रामसभा नाही म्हणाली, पण चाळीस जण तयार आहेत, तर? कागदोपत्री अडथळा नसला तरी आम्ही थांबा म्हणतो. का नाही म्हणाले ते आधी विचारा. दहापैकी आठ वेळा मागच्या कुठल्यातरी अभ्यासाचा राग तुमच्या वाट्याला आलेला असतो.

एक बारीक गोष्ट. गडचिरोली-चंद्रपूरच्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात पेसा या तिथल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे रामटेक-देवलापारकडच्या गोंड गावांना ते कवच मिळत नाही. तिथे गावाचा शब्द कायद्याने बांधत नाही म्हणून तो कमी धरू नका.

७. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती कशी घ्यायची?

सगळं तोंडी, त्याच्या बोलीत समजावून, निःपक्ष साक्षीदारासमोर. साक्षीदार वाचता येणारा हवा आणि तुमच्या टीमचा नको. माणसाचा अंगठा, साक्षीदाराची सही, तारीख. समजावून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता तुम्ही मला सांगा, आम्ही काय करणार आहोत?" असं विचारा. अंगठा ज्या कागदावर घेतला त्याची एक प्रत त्या घरात राहायला हवी, वाचता येवो न येवो. घरात शाळेत जाणारं पोट्टं असतंच.

नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातले लोक असतील तर २०१९ च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांप्रमाणे संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र फक्त आवाज नोंदवतात, चेहरा नाही.

८. आश्रमशाळेतल्या मुलांचा अभ्यास करायचा आहे. मुख्याध्यापक सही द्यायला तयार आहेत. चालेल?

नाही चालणार. १८ वर्षांखाली आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती लागते, आणि ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही: ७ ते १२ पर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. मुख्याध्यापक शाळेत येऊ देतील, मुलाच्या दंडाला हात लावायची परवानगी त्यांची नाही.

हे आम्ही एवढं ठासून का सांगतो? २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचं उघड झालं. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लशीचं विज्ञान बाजूलाच राहिलं, लोकांच्या लक्षात सह्या राहिल्या. पालक दूरच्या गावात असतात, मान्य. मग दिवाळीच्या सुटीत, पालकसभेच्या दिवशी जा. वेळापत्रक तुमचं वाढेल.

९. लोक पहिलाच प्रश्न विचारतात, "आमाले काय भेटन?" काय सांगायचं?

खरं सांगायचं. बहुतेक वेळा खरं उत्तर असतं, "तुम्हाला स्वतःला लगेच फार काही नाही." हे म्हणायला धीर लागतो, म्हणून पोरं "मोफत तपासणी शिबिर" असं म्हणून मोकळी होतात. लोकांना वाटतं हा उपचार आहे. पांढरा कोट, रक्ताची बाटली, मोठ्या दवाखान्याचं नाव, मग उपचार वाटणारच. नंतर औषध मिळालं नाही की फसवल्याची भावना येते आणि ती खरीच असते.

जे देता येतं ते स्पष्ट सांगा: तपासणीचा रिपोर्ट, काही निघालं तर मेडिकल किंवा डागा या सरकारी दवाखान्यांत कुणाला भेटायचं त्या माणसाचं नाव, जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली रोजी. रोजी देणं लाच नव्हे. पण एवढीही रक्कम नको की ज्याला भाग घ्यायचा नाही तो माणूसही पैशासाठी हो म्हणेल. किती, ते इथिक्स कमिटी मान्य करते आणि वस्तीचा गट सांगतो, त्यांना तिथली मजुरी माहीत असते.

१०. आशाताईंकडून माणसं जमवून घ्यावी का? त्यांना सगळे ओळखतात.

ओळखतात, म्हणूनच जपून. आशाताईने सांगितलं की गरोदर बाई नाही म्हणत नाही, तिला उद्या त्याच ताईसोबत बाळंतपणाला जायचं असतं. ओळख करून द्यायला आशाताई, संमती घ्यायला दुसरं कुणी, अशी वाटणी आम्हाला बरी वाटते.

आणि मोबदला द्या. ताईंच्या डोक्यावर आधीच इतके सर्व्हे आहेत की तुमचा त्यातला कितवा हे त्यांनाही आठवत नाही. "त्यांचं कामच आहे ते" हे वाक्य आम्ही तीन वेगवेगळ्या प्रोफेसरांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांचं काम नाही ते.

११. इथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली की लोकांची वेगळी चर्चा कशाला?

कमिटी अभ्यास सुरक्षित आणि न्याय्य आहे का ते बघते. त्यात ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निम्मे तरी सदस्य बाहेरचे, त्यात कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिकही. पण तो एक सामान्य नागरिक तुमच्या वस्तीचा असेलच असं नाही. अनेकदा ते निवृत्त शिक्षक किंवा बँकेतले साहेब असतात. पाचपावलीतल्या नळाला पाणी किती वाजता येतं हे त्यांना ठाऊक नसतं, आणि तुमच्या भेटीची वेळ त्यावरच अवलंबून असते.

पीजीच्या थीसिसलाही मंजुरी लागते. औषध चाचणी नसली तरी लागते, आणि ती देणारी कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी केलेली हवी.

१२. आमचं रक्त कुणाच्या मालकीचं? परदेशात विकतात म्हणे!

आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे नमुना आणि माहिती ज्याने दिली त्याचीच असते. संशोधक फक्त राखणदार. मन बदललं तर नमुना मागे घेता येतो. मात्र नाव कायमचं पुसून टाकलं असेल तर कुणाचं कोणतं ते शोधताच येत नाही. हे संमती घेतानाच सांगायचं. परदेशी संस्थेसोबतच्या अभ्यासाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वेगळी मंजुरी लागते.

"उरलेलं रक्त पुढच्या अभ्यासासाठी ठेवू" असा रकाना संमतीपत्रात असेल तर तो वेगळा हवा, हो-नाहीच्या चौकटीसह. मुख्य संमतीच्या पोटात तो लपवलेला आम्ही पाहिला आहे.

१३. रिपोर्ट आणि निकाल परत द्यायचे म्हणजे काय? आणि कधी?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींत चुका होतात.

आधी ज्याचा त्याचा रिपोर्ट. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमचं स्वागत असं झालं होतं: "मागच्या टायमाले बी आले होते, रगत घेऊन गेले अन् मंग तोंड नाही दाखवलं." आधीच्या टीमने सहा वर्षांपूर्वी रक्त घेतलं होतं. एकालाही कागद मिळाला नव्हता. ती टीम आमची नव्हती, पण त्या बाईंच्या दृष्टीने आम्ही सगळे एकच. आम्ही आधी दोन महिने ते जुने रिपोर्ट मिळवण्यात घालवले. अर्धेच मिळाले.

रिपोर्ट देताना अर्धवट देऊ नका. सिकलसेलची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून माणूस वाहक आहे की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची तपासणी लागते. मधल्या काळात "तुम्हाला सिकलसेल निघाला" एवढंच सांगून जाणं म्हणजे घरात भांडण ठेवून जाणं. वाहक म्हणजे आजारी नव्हे. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. हे बसून, बंद दाराआड, समुपदेशकाने सांगायचं. अंगणवाडीच्या भिंतीवर यादी लावणं, व्हॉट्सअ‍ॅप गटात फोटो टाकणं, हे गावात झालेलं आहे, म्हणून लिहिलं.

आता अभ्यासाचा निकाल. पहिलटकरणींना कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन देऊन मुदतीआधीची बाळंतपणं टळतात का, हे पाहणाऱ्या सहा देशांतल्या चाचणीत नागपूरही होतं. ११,९७६ बाया त्यात होत्या, निकाल २०२० मध्ये आला. तो निकाल शोधनिबंधात "सापेक्ष धोका ०.८९" असा आहे. देवळाच्या पारावर तो असा सांगावा लागतो: गोळी न घेणाऱ्या हजार बायांपैकी १३१ जणी लवकर बाळंत झाल्या, घेणाऱ्या हजारांपैकी ११६. म्हणजे हजारामागे पंधरा बाळं पोटात जास्त दिवस राहिली. एवढं ऐकल्यावर बाया लगेच विचारतात, "मग बाकी ११६ चं काय?" उत्तम प्रश्न आहे आणि संशोधकाने त्यासाठी तयार असावं.

कधी सांगायचं? निबंध छापून येईपर्यंत थांबलात तर दोन-तीन वर्षं जातात. वस्तीला आधी, नियतकालिकाला नंतर, हे बहुतेक वेळा जमतं.

१४. निकाल असा आला की वस्तीची बदनामी होईल, तर? लपवायचा का?

लपवायचा नाही. कसा मांडायचा ते त्यांच्यासोबत बसून ठरवायचं. गावाचं नाव खरंच लागतं का? "उत्तर नागपुरातली एक वस्ती" पुरेल का? जातीची नोंद विश्लेषणाला हवी आहे की सवयीने घेतली आहे? क्षयाचे रुग्ण जास्त निघाले तर त्या आकड्याशेजारीच कोंदट खोल्या आणि राख-धुळीचा उल्लेख हवा, नाहीतर वाचणारा दोष माणसांना देतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी. संशोधकांनी वर्षानुवर्षं येऊन मनाला येईल ते लिहिलं, त्याला वैतागून. विदर्भातल्या एखाद्या समाजाने उद्या असं केलं तर आम्हाला आश्चर्य वाटणार नाही, आनंदच होईल.

१५. उलट करता येतं का? आमच्या गावाचा प्रश्न आहे, संशोधक आम्ही शोधतोय.

येतं, आणि हे प्रश्न वाढताहेत. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेजवळची गावं विचारतात की आमच्या विहिरीचं पाणी कुणी तपासेल का, पोरांचा खोकला राखेचा आहे का. मेडिकल किंवा एम्सच्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला, म्हणजे पीएसएमला, लेखी पत्र द्या. विद्यार्थ्यांना दर वर्षी थीसिसला विषय हवाच असतो. पत्रात तीन गोष्टी असू द्या: काय दिसतं, कधीपासून, किती घरांत. गावाने स्वतः वहीत ठेवलेली सहा महिन्यांची नोंद संशोधकाला फार उपयोगी पडते.

एक इशारा. "खोकला राखेमुळेच" हे सिद्ध होईलच असं नाही. निकाल विरुद्ध गेला तरी तो जाहीर होईल, हे गावाने आधीच मान्य करावं. गावालाही शब्द पाळावा लागतो.

१६. अभ्यास अर्धा झाला आणि लोक नाही म्हणाले, तर?

व्यक्तीला कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तिचा नेहमीचा उपचार थांबता कामा नये. पूर्ण वस्ती नाही म्हणाली तर काम थांबवा, इथिक्स कमिटीला कळवा, सल्लागार गटाला बसवा. अफवा असेल तर ती ऐकून घ्या, खोडायची घाई नको. प्रश्न ६ मधला मागच्या अभ्यासाचा राग इथेही तपासा.

१७. मी पीजीची विद्यार्थिनी आहे. वेळ सहा महिने, पैसे शून्य. यातलं काय जमेल?

तीन गोष्टी. आराखड्यावर वस्तीतल्या पाच माणसांशी बोलणं, संमतीपत्र दोघींना वाचून दाखवून दुरुस्त करणं, आणि शेवटी एक पान मराठीत लिहून वस्तीत परत जाऊन वाचून दाखवणं. गाइड म्हणतील वेळ नाही. त्या एका पानाला एक संध्याकाळ लागते.

१८. अभ्यासामुळे कुणाला अपाय झाला तर जबाबदारी कुणाची?

संशोधक, संस्था आणि प्रायोजक यांची. उपचार मोफत, आणि अपाय अभ्यासामुळे झाला असेल तर भरपाई. औषध चाचणीत गंभीर घटना २४ तासांच्या आत कळवावी लागते. संमतीपत्रात "मी जबाबदारी घेतो, तक्रार करणार नाही" असं वाक्य असेल तर सही करू नका, असं वाक्य तिथे असायलाच नको.

१९. शोधनिबंधावर वस्तीतल्या लोकांची नावं टाकता येतात?

काम केलं असेल तर हो. आराखड्यात किंवा विश्लेषणात खरा वाटा, मसुदा वाचून सूचना, अंतिम मान्यता आणि जबाबदारी घेण्याची तयारी, एवढं असेल तर डिग्री लागत नाही. मसुदा मराठीत सांगावा लागेल, तेवढं करा. उपकाराखातर नाव टाकू नका, आणि ज्यांना ओळख नको त्यांना विचारल्याशिवाय आभारातही नको.

२०. दारात कुणीतरी आलंय, "अभ्यासासाठी रक्त द्या" म्हणतंय. खरं आहे की नाही कसं ओळखू?

आधी बसवा, पाणी द्या आणि माहितीपत्रक मागा. त्यावर संस्थेचं नाव, मुख्य संशोधकाचा फोन आणि इथिक्स कमिटीचा फोन असायला हवा. दुसऱ्या नंबरवर समोरच फोन लावा. खरी टीम रागावत नाही. औषध किंवा लस असेल तर भारतीय चाचणी नोंदणीचा, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक विचारा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि मोबाईलवर कुणालाही फुकटात बघता येते. क्रमांक टाका, "नागपूर" हे ठिकाण त्यात आहे का पाहा. घरात कुणाला जमत नसेल तर आशाताईला किंवा कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या पोराला बोलवा.

त्यांनी "आजच सही करा, उद्या आम्ही नसू" असं म्हटलं तर कागद ठेवून घ्या आणि उद्या या म्हणा.